चेरी वाईन, अर्धा एकर: २०२३ च्या हंगामाच्या नोंदी

२ मे
हेम्पचं, म्हणजे नशा नसलेल्या गांजाचं, बियाणं आलं. आठशे बिया एका छोट्या डबीत. वजन पंधरा ग्रॅमसुद्धा भरणार नाही, आणि एका बीमागे जवळजवळ एक डॉलर मोजलाय. तासगावात एवढ्या पैशात द्राक्षाच्या डोगरिज खुंटरोपांची निम्मी बाग उभी राहिली असती. पण हे फेमिनाइज्ड बियाणं आहे. मादी झाडावर चांदीच्या क्षाराचा फवारा मारून त्याला नरफुलं आणायची आणि तो पराग दुसऱ्या मादीला द्यायचा. दोन्ही बाजू मादीच्या असल्यामुळे पुढची पिढीही मादीच निघते. हे पीक ज्यासाठी लावतात तो सीबीडी, म्हणजे औषधात लागणारा, नशा न आणणारा घटक, फुलात असतो. नर झाड त्या कामाचं नाहीच, उलट त्याचा पराग उडाला की माद्या बी धरतात आणि फुलातला चीक घटतो.

वाणाचं नाव चेरी वाईन. बियाणेवाले सांगतात की हा 'द वाइफ' आणि 'शार्लट्स चेरीज' यांचा संकर आहे. वास चेरीचा, मागून काळ्या मिरीचा. पाकिटावर सीबीडी 'पंधरा टक्क्यांपर्यंत' असं छापलंय. हा आकडा मी मुद्दाम इथे लिहून ठेवतोय, सप्टेंबरात परत बघू.

जागा न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका तळ्याच्या पश्चिमेला, जिनिव्हा गावापासून थोडी दूर. मालक आजोबांचा द्राक्षमळा आहे, कॉनकॉर्ड आणि रीसलिंग. त्याच्याच कडेचा अर्धा एकर त्यांनी मला खंडाने दिलाय. त्यांना मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पोलिस आले तर तू इंग्रजीत बोल, मी बोलणार नाही."

परवाना केंद्राच्या कृषी खात्याचा आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२२ पासून हे काम केंद्राकडे सोपवलं, त्यामुळे हाताचे ठसे एफबीआयकडे, शेताचे अक्षांश-रेखांश खात्याकडे आणि क्षेत्राची नोंद तिसऱ्या कचेरीत. सातबाऱ्यावर पीकपाणी लावायला तलाठ्याच्या मागे फिरलेल्या माणसाला याचं काही वाटत नाही.

९ मे
पन्नास कप्प्यांच्या प्रोट्रेमध्ये पेरणी केली. अर्धा इंच खोल, कोकोपीट आणि कंपोस्ट. वहिनीला फोटो पाठवला. तिचा प्रश्न: "हेम्प म्हणजे आपली अंबाडीच ना?" प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. इंग्रजीत अंबाडीला डेक्कन हेम्प म्हणतात आणि तिचं शास्त्रीय नावही हिबिस्कस कॅनाबिनस आहे, कारण पान गांजाच्या पानासारखं बोटाबोटांचं दिसतं. तागाला सन हेम्प म्हणतात. तिघांचं आपसात काही नातं नाही. मी तिला लिहिलं, "नाही, हे खरोखरच गांजाच्या कुळातलं आहे, पण यात नशा नाही." तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि वडिलांना, आप्पांना, काय सांगायचं ते विचारलं.

१८ मे
काल रात्री दव गोठलं. पारा शून्याच्या खाली गेला आणि आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत कोवळी फूट करपली. सकाळी आजोबा ओळीतून फिरत होते, डोळा चिमटीत धरून मोडत होते, आतून तपकिरी. वीस ओळी चालले आणि एक शब्द बोलले नाहीत. माझी रोपं हरितगृहात पहिल्या खऱ्या पानांवर उभी होती, ठणठणीत. त्यांच्याजवळ उभं राहून आपल्या ट्रेंबद्दल काही बोलायची मला लाज वाटली.

आठशेपैकी ७५२ उगवली आहेत.

६ आणि ७ जून
लागवड. गादीवाफ्यावर काळा मल्चिंग पेपर, खाली ठिबकची एक लॅटरल. झाडात पाच फूट, ओळीत सहा फूट, एकूण ७२० रोपं. लोकांना हे अंतर फार वाटतं, पण ऑगस्टमध्ये हे झाड पाच-सहा फूट उंच आणि तेवढंच रुंद होतं. हवा खेळली नाही तर पुढे रडायची वेळ येते. जमीन होनिओये नावाची पोयटा माती, सामू (पीएच) ६.४. निचरा चांगला आहे, आणि तीच सगळ्यात मोठी गोष्ट. हेम्पचं मूळ पाण्यात दोन दिवस उभं राहिलं की झाड पिवळं पडून खंगतं.

दोन्ही दिवस कॅनडाच्या वणव्यांचा धूर होता. दुपारी तीन वाजता आभाळ भगवं, सूर्य कुंकवाच्या टिळ्याएवढा. मास्क लावून रोपं लावली. ऊन नसल्यामुळे एकही रोप माना टाकून पडलं नाही, एवढा एक फायदा झाला.

२१ जून
आजचा दिवस सव्वापंधरा तासांहून मोठा. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालतं: दिवस मोठा आहे तोवर वाढ, चौदा तासांच्या आसपास उतरला की फूल. म्हणजे इथे ऑगस्टचा दुसरा आठवडा. तोवर जेवढा सांगाडा उभा करायचा तेवढा करून घ्यायचा.

शेंडे खुडले, पाचव्या-सहाव्या पेऱ्यावर. द्राक्षात सबकेन (शेंडा खुडून बगलेची फांदी) काढताना जो हात बसलाय तोच इथे उपयोगी पडला. शेंडा गेला की बगलेतले फुटवे उठतात, एका जाड तुऱ्याऐवजी दहा-बारा मध्यम तुरे मिळतात. जाड तुरा फोटोत छान दिसतो, पण तो आतून कुजतो.

ठिबकातून नत्र आठवड्याला थोडं थोडं. फुलोऱ्यात गेल्यावर नत्र बंद करून पालाश वाढवायचं.

११ जुलै
आठवडाभर पाऊस. शेजारच्या व्हरमाँट राज्यात पूर आलाय. इथे वाफसाच येत नाही, ओळींमधलं गवत गुडघ्याला लागलंय. जपानी भुंगेरे आलेत, हिरवे-तांबूस, चकचकीत. पानांची जाळी करतात पण झाड मारत नाहीत. सकाळी थंडीत सुस्त असताना साबणाच्या पाण्याच्या बादलीत झटकले. औषध मारायचं म्हटलं तर हेम्पवर परवानगी असलेली औषधं फार थोडी. २०१९ च्या डिसेंबरात पर्यावरण खात्याने पहिल्यांदा दहा मंजूर केली, त्यातली नऊ जैविक. द्राक्षासारखं फवारणीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून चालायचं हे पीकच नव्हे.

१४ जुलै
आज दिवसभर एकेक झाड तपासलं. पेऱ्याच्या बेचक्यात पहिली खूण दिसते: मादीला दोन पांढरे तंतू, नराला देठावर लटकलेली गोळी. फेमिनाइज्ड असूनही तीन नर निघाले. उपटून पिशवीत बांधले.

हे काम करताना मला १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाचा अहवाल आठवत होता. बंगालात नौगावच्या शेतांत नर झाडं ओळखून उपटण्यासाठी खास माणसं बोलवत. त्यांना पोद्दार किंवा पारखदार म्हणत, आणि इंग्रज त्यांना 'गांजा डॉक्टर' लिहीत. त्या आयोगाने आपल्या अहमदनगरच्या गांजाशेतीचीही नोंद घेतली आहे. त्या पारखदाराला कळलं असतं का, की सव्वाशे वर्षांनी त्याचीच नजर वापरून कुणी नशा नसलेलं झाड पिकवेल?

पण नरापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. २३९ आणि ४१२ क्रमांकाची झाडं बाकीच्यांसारखी दिसत नाहीत. पानाची बोटं रुंद, चोळल्यावर वास चेरीचा नाही, रॉकेलसारखा. दोघांची पानं जनुक तपासणीला पाठवली.

ही भानगड नीट लिहून ठेवतो. झाडात आधी सीबीजीए नावाचं आम्ल तयार होतं. त्यापासून एक विकर (एन्झाइम) सीबीडीए बनवतं, म्हणजे सीबीडीचं आम्लरूप, आणि दुसरं टीएचसीए, म्हणजे नशा आणणाऱ्या टीएचसीचं. ज्या झाडाला आई-बाप दोघांकडून सीबीडीवालं जनुक मिळालं ते प्रकार तीन, म्हणजे आपलं. दोन्हीकडून टीएचसीवालं मिळालं तर प्रकार एक, तो गांजा. एकेक मिळालं तर प्रकार दोन, दोन्ही निम्मे निम्मे. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. बियाणेवाल्याच्या शेतात मागे कुठेतरी मिश्रण झालं असेल तर पाकिटात असे चुकार दाणे येतात.

२६ जुलै
निकाल आला. ४१२ स्वच्छ, नुसतंच वेगळ्या तोंडवळ्याचं. २३९ प्रकार दोन. उपटलं.

एका झाडाने काय होतं त्याचा हिशोब वहीत केला. सरकारी नमुन्यात दहा झाडांचे तुरे एकत्र दळले, नऊंमध्ये टीएचसी ०.२६ टक्के, आणि दहावं हे महाराज ३.२ टक्क्यांचे. सरासरी ०.५५. कायद्याची मर्यादा ०.३ टक्के. एका झाडापायी अख्खा अर्धा एकर नापास. बियाणेवाल्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं की 'शेतातल्या ताणामुळे टीएचसी वाढू शकतं.' हे उत्तर ऐकून चीड येते. इथून हाकेच्या अंतरावर कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी झाडांना पाण्यात उभं केलं, जखमा केल्या, तणनाशक मारलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापला: ताणाने सीबीडी-टीएचसीचं प्रमाण बदलत नाही, ते जनुकावर ठरतं. दोष बियात होता.

१० ऑगस्ट
तुऱ्यांवर पांढऱ्या तंतूंचे झुबके. आजपासून फुलोऱ्याचा पहिला दिवस धरतो.

खालच्या पानांवर भुरी. बघितल्या बघितल्या पोटात गोळा आला, ही द्राक्षवाल्याची सवय. आजोबांना वाटलं माझ्या भुरीने त्यांचा मळा जाईल. तसं होत नाही. द्राक्षाची भुरी वेगळ्या बुरशीची, हेम्पची वेगळी, एकीचं दुसरीवर चालत नाही. खालची पानं काढून टाकली आणि पोटॅशियम बायकार्बोनेट मारलं. गंधक मारलं तर भुरी जाईल, पण फुलावर गंधक राहिला तर माल कुणी घेणार नाही.

१९ ऑगस्ट
रात्री कुणीतरी रस्त्याकडची दोन झाडं कोयत्याने कापून नेली. कुंपणावर 'हे हेम्प आहे' अशी पाटी असून. आजोबा खूश: "आज रात्री चोर ओढत बसेल आणि सकाळपर्यंत वाट बघेल."

२४ ऑगस्ट
स्वतःच्या माहितीसाठी पहिली तपासणी. सीबीडी २.९, टीएचसी ०.११.

४ सप्टेंबर
५.१ आणि ०.२०.

भागाकार करून बघितला. तेव्हा २६, आताही जवळपास तेवढाच. म्हणजे सीबीडी बनवणारं विकर काम करताना साधारण सव्वीस दाण्यांमागे एक टीएचसीचा सांडतं. हे सांडणं थांबवता येत नाही. पाकिटावरचे पंधरा टक्के खरे करायचे तर टीएचसी जवळपास ०.५८ होणार, कायद्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे पाकीट एक तर खोटं बोलतंय, नाहीतर मला गुन्ह्याच्या वाटेला लावतंय.

या ०.३ ची गोष्टही मजेशीर आहे. अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये कॅनाबिसच्या वर्गीकरणासाठी कुठेतरी रेघ ओढायची म्हणून हा आकडा घेतला. नशा कितीला चढते याच्याशी त्याचा संबंध नव्हता. ती रेघ पुढे कायद्यांमध्ये गेली आणि २०१८ च्या फार्म बिलात, म्हणजे केंद्राच्या शेती कायद्यात, बसली.

आप्पांना फोनवर हे समजावताना माझी दमछाक झाली. ते म्हणाले, "म्हंजे माल भरायच्या आधी तोडायचा? आरं, बेदाण्याला बावीस-तेवीस ब्रिक्स आल्याबिगर आपण घडाला कात्री लावतो का?" नाही लावत. सगळं आयुष्य गोडी भरायची वाट बघण्यात गेलेल्या माणसाला, जास्त भरली तर माल जप्त होतो, हे कसं पटणार? मलाच पटत नाही. रोज सकाळी भिंग घेऊन जातो. चिकाच्या दाण्यांची टोपी काचेसारखी स्वच्छ आहे, दुधाळ व्हायला लागली की माल भरला समजायचं. आणि मी मनातल्या मनात म्हणतोय, अजून दुधाळ होऊ नका.

११ सप्टेंबर
माझ्या तपासणीत सीबीडीए ७.५, सीबीडी ०.२२, टीएचसीए ०.२६, टीएचसी ०.०३. कायदा 'एकूण टीएचसी' धरतो: आम्लाला ०.८७७ ने गुणायचं आणि त्यात उरलेलं मिळवायचं, कारण तापवल्यावर आम्लातून कार्बन डायऑक्साइड उडतो आणि वजन घटतं. ०.२६ गुणिले ०.८७७ म्हणजे ०.२३, अधिक ०.०३. एकूण ०.२६. सीबीडी तसाच हिशोब करून ६.८.

उद्या नमुना घ्यायला माणूस येतोय.

१२ सप्टेंबर
नमुना घेणाऱ्या बाई वेळेवर आल्या. शेताचा नकाशा, हातमोजे, कात्री. शेतात नागमोडी चालत झाडं निवडली, प्रत्येकाचा मुख्य शेंडा पाच ते आठ इंच कापला. मी फक्त मागे चाललो. झाड दाखवायचंही नाही, बोलायचंही नाही. परीक्षेला पर्यवेक्षक डोक्याशी उभा असावा तसं झालं, फक्त पेपर झाडं लिहीत होती.

नमुना घेतल्यापासून तीस दिवसांत कापणी झाली पाहिजे. २०१९ च्या पहिल्या नियमात हे पंधरा दिवस होते; शेतकऱ्यांनी आरडाओरड केल्यावर २०२१ मध्ये तीस झाले. माझी मुदत १२ ऑक्टोबर.

१९ सप्टेंबर
पास. एकूण टीएचसी ०.२९, मोजणीतली चूक उणे-अधिक ०.०४. (या उणे-अधिकच्या पट्ट्यात ०.३ बसलं तरी पास धरतात, म्हणजे ०.३४ पर्यंत माझा जीव होता.) नापास झालो असतो तर सगळी फुलं काढून टाकायची किंवा झाडं सरसकट दळून पुन्हा तपासायची, आणि तेही जमलं नाही तर नांगराखाली.

कालची माझी स्वतःची तपासणी: सीबीडी ८.१, टीएचसी ०.३१. म्हणजे परीक्षेनंतर पोरगं आणखी शिकलंय. सरकारी कागदाने मी पास आहे आणि तीस दिवस माझे आहेत. खरेदीदार मात्र त्याची स्वतःची तपासणी करणार. आणखी दोन आठवडे थांबलो तर सीबीडी साडेनऊ-दहाला जाईल, वजनही भरेल. आप्पांचा मुलगा म्हणून मला थांबायचंय.

२३ सप्टेंबर
रात्रभर पाऊस, सकाळी धुकं. एका तुऱ्याचं एकच पान तपकिरी होऊन लोंबत होतं. हलकेच ओढलं तर सहज हातात आलं, देठापाशी मऊ. तुरा उकलला. आत राखाडी लोकर, मधोमध, आणि त्यात एका अळीने केलेलं भोक. बोट लावलं तर धूर उडाल्यासारखे बीजाणू उडाले. बोट्रायटिस बुरशी. इथल्या रीसलिंगच्या घडातही हीच असते. आजोबांना दाखवलं, त्यांनी वासावरून सांगितलं: "आता तुझ्या हातात चार दिवस."

संध्याकाळपर्यंत एकतीस झाडांवर सापडली. जिथे शेंडा खुडायचा राहिला होता ती सगळी त्यात आहेत.

२५, २६ सप्टेंबर
कापलं. चौघे होतो. खोडाशी कात्री, कुजलेला भाग शेतातच वेगळ्या पिशवीत, बाकी फांद्या उलट्या टांगल्या. हात इतके चिकट की रात्री खोबरेल तेलानेच साफ झाले. सीबीडीचे दहा टक्के राहिले ते राहिले.

सुकवणी आजोबांच्या जुन्या गोठ्यात. गाई गेल्या, तुळया आहेत. आपल्याकडच्या बेदाणा शेडसारखंच सगळं: सावली, वारा, थर मोकळे. फरक इतकाच की तिथे हवा कोरडी असते आणि इथे यंत्र लावून कोरडी करावी लागते. तापमान अठरा-वीस, आर्द्रता साठच्या खाली. घाईने उष्ण हवा मारली तर वास उडतो, आणि उशीर केला तर बुरशी गोठ्यातही येते.

८ ऑक्टोबर
काडी वाकवली की कट्कन मोडते. झाडून घेतलं. पान-फूल मिळून ४६० पौंड. कुजलेलं सोडून ६७० झाडांचं. सव्वाशे पौंड चांगली फुलं हाताने वेगळी काढली, बाकी अर्क काढणाऱ्याकडे.

फुलं निवडताना बरोबरचा पोरगा म्हणाला, एवढा सगळा खटाटोप कशासाठी? कोलोरॅडोच्या शार्लट फिगीचं नाव त्याने ऐकलं नव्हतं. ड्रावे सिंड्रोम, म्हणजे लहानपणापासूनचा तीव्र अपस्मार, असलेली लहान मुलगी. तिचे झटके सीबीडीच्या तेलाने कमी झाल्याचं २०१३ मध्ये टीव्हीवर सगळ्या अमेरिकेने पाहिलं. शुद्ध सीबीडीचं एपिडायोलेक्स हे औषध २०१८ मध्ये मंजूर झालं. शार्लट २०२० मध्ये गेली, तेरा वर्षांची. पण त्याआधीच, २०१९ मध्ये, निम्म्या देशाने हेम्प लावलं, भाव कोसळला आणि कित्येकांचा माल गोठ्यातच पडून राहिला. अर्धाच एकर का, याचं उत्तर तेच.

२१ ऑक्टोबर
खरेदीदाराची तपासणी: सीबीडी ७.०, टीएचसी ०.२७. शेंड्याच्या नमुन्यापेक्षा कमी, कारण दळलेल्या मालात पानंही आली. घेतला. पैसे तीस दिवसांनी म्हणतोय.

आप्पांना फोन केला. म्हणाले, "गोडी किती आली?" सांगितलं, सात. बराच वेळ गप्प. मग विचारलं, "आन् कुजलं किती?"

मल्चिंग पेपर उचलला, लॅटरल गुंडाळून गोठ्यात ठेवल्या. दुपारी राय नावाचं गव्हासारखं धान्य पेरलं.